बाप्तिस्म्यानंतरचे स्वातंत्र्य

ख्रिस्ती माणूस म्हटला की तो 'मोकळा' असणार, अशी आपल्याकडे एक सर्वसाधारण समजूत आहे. पोशाखाला बंधन नाही, खाण्यापिण्याला विधिनिषेध नाही, लग्नात नाचगाणे आहे, मुलामुलींच्या बोलण्यात संकोच नाही. तेव्हा हे लोक स्वतंत्र, असा हिशेब मांडला जातो. हिंदी चित्रपटांनी ही समजूत वर्षानुवर्षे पोसली आहे. आपल्या महाविद्यालयातील अनेक मित्र ती मनात बाळगून असतात आणि थोड्याशा असूयेने बोलूनही दाखवतात. त्यांनी उत्तन, डोंगरी, पाली, चौक या बाजूच्या एखाद्या ख्रिस्ती घरात दोन दिवस राहून पाहावे. रविवारची मिस्सा चुकली तर घरात विचारणा होते. सोयरीक कुठे करावी याचे संकेत ठरलेले असतात. लग्नाला किती माणसे जेवली यावरून घराची पत ठरते, आणि त्यासाठी कर्जही काढले जाते. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न शेजारच्या हिंदू आळीत जितका जागता आहे, तितकाच इथेही आहे.

परंतु मला बोलायचे आहे ते या सामाजिक मोकळेपणाविषयी नव्हे. ख्रिस्ती धर्म ज्याला स्वातंत्र्य म्हणतो, ती वस्तू कोणती, आणि ती आपल्यासारख्या जन्माने ख्रिस्ती असलेल्यांच्या वाट्याला येते का, हा माझा प्रश्न आहे. माझे मत प्रथमच सांगतो: बाप्तिस्म्याबरोबर हे स्वातंत्र्य हाती पडत नाही. ते पुढे, पुष्कळदा आपल्याच धर्मातल्या वडीलधाऱ्यांशी झगडून मिळवावे लागते. आणि मिळाले की नाही याची कसोटी एकच, आपण दुसऱ्याला किती मोकळे ठेवतो.

या विषयाचे मूळ संत पौलाच्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. गलतिया हा आजच्या तुर्कस्तानातला प्रदेश. तिथल्या बिगरयहुदी लोकांनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला. मागाहून काही उपदेशक आले आणि म्हणू लागले, नुसता विश्वास पुरेसा नाही, तुम्ही सुंताही करून घेतली पाहिजे आणि नियमशास्त्राची बंधनेही पाळली पाहिजेत. पौल स्वतः कडवा परुशी, नियमशास्त्रात मुरलेला. पण हे ऐकून तो विलक्षण संतापला. याच पत्रात त्याने अंत्युखिया येथील एक प्रसंग सांगितला आहे, तो आपल्याकडच्या वाचकाला सहज कळण्यासारखा आहे. पेत्र तिथे बिगरयहुद्यांच्या पंक्तीला बसून जेवत असे. यरुशलेमहून कर्मठ मंडळी आली तेव्हा भीतीपोटी तो हळूच त्या पंक्तीतून उठू लागला. पौलाने सर्वांसमक्ष त्याला जाब विचारला. पंक्तिभेदाचा इतका जुना आणि इतका नेमका खटला दुसरा क्वचितच सापडेल. आणि तो चालला कोणाविरुद्ध? ज्याला मंडळी आपला पहिला आधारस्तंभ मानते, त्याच पेत्राविरुद्ध!

मात्र त्याच पत्रात थोडे पुढे पौल बजावतो की हे स्वातंत्र्य शरीराचे लाड पुरवण्यासाठी नाही. प्रेमाने एकमेकांचे दास होण्यासाठी आहे. म्हणजे जो कशालाच बांधलेला नाही तो स्वतंत्र, असे पौल म्हणत नाही. भीतीने जखडलेला माणूस सुटतो, आणि सुटल्यावर आपण होऊन दुसऱ्याच्या कामाला जुंपून घेतो, असे त्याचे म्हणणे आहे. ऐकायला हे विरोधाभासी वाटते. पण महाराष्ट्रात एक बाई अशी होऊन गेली की जिच्या आयुष्यात हा विरोधाभास पावलोपावली उलगडत गेला.

पंडिता रमाबाई शाळेच्या पुस्तकातून आपल्याला भेटतात त्या विधवांच्या कैवारी म्हणून. त्यांच्या धर्मांतराचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो. हिंदू लेखकाला तो अडचणीचा वाटतो. आणि खरे सांगायचे तर आम्हा कॅथलिकांनाही त्या आमच्या मंडळीतल्या नव्हत्या म्हणून फारशा आठवत नाहीत. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या मुलीने लहानपणीच संस्कृत आत्मसात केले, दुष्काळात आईवडील गमावले, भावाबरोबर देशभर पायपीट केली, कलकत्त्यात 'पंडिता' ही पदवी मिळवली, आणि १८८२ साली वैधव्यही पाहिले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे लहानग्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बहुतेकांची गोष्ट इथे संपते. माझ्या दृष्टीने ती इथून सुरू होते.

वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्या दोघींमधील पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मूळ पत्रे इंग्रजीत आहेत. आपल्या ग्रंथालयात हा ग्रंथ असेल तर तो कपाटाबाहेर निघावा अशी माझी इच्छा आहे. पत्रे वाचताना वाटते, गलतीकरांचे पत्र एकोणिसाव्या शतकात पुन्हा लिहिले जात आहे.

वाद कशाकशावर होते पाहा. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, हा एक वाद. रमाबाईंचे म्हणणे असे की आमच्या देशबांधवांना लॅटिन समजत नाही. मग ती भाषा पवित्र आणि आमची संस्कृत नव्हे, हे कुणी ठरवले? दुसरा वाद खाण्याचा. रमाबाई शाकाहारी राहिल्या. सिस्टरांना त्यात ब्राह्मणी अभिमानाचा अवशेष दिसला. रमाबाईंना त्यात आपल्या माणसांशी शिल्लक राहिलेले नाते दिसत होते. तिसरा वाद अधिक गंभीर. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि शिकवीत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदी स्त्रीने पुरुषांना शिकवले तर तिच्या देशात तिची अप्रतिष्ठा होईल. ज्या बाईने भर सभांतून शास्त्री-पंडितांपुढे व्याख्याने दिली होती, तिला ही समज! रमाबाईंनी ती मानली नाही. आणि सर्वांत मोठा वाद सिद्धांताचा. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, निरनिराळ्या पंथांचे निरनिराळे दावे, या प्रत्येक बाबतीत त्या विचारीत राहिल्या की हे ख्रिस्ताने सांगितले आहे की तुम्ही? एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान काढून घेतल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गापुढे ती पुन्हा वाकवायची नाही, हा त्यांचा सूर या सगळ्या पत्रांतून ऐकू येतो.

सिस्टर जेराल्डीन यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांना रमाबाई अहंकारी वाटल्या, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. श्रद्धा ही काही एकट्याने रात्री दिवा लावून शोधून काढायची गोष्ट नाही. पिढ्यान्पिढ्यांची माणसे ती सांभाळून आपल्या हाती देतात. कालचा नवशिका प्रत्येक गोष्ट स्वतः तपासल्याशिवाय मानणार नाही म्हणू लागला, तर परंपरा नावाची वस्तूच राहणार नाही. शिवाय या बाईंनी रमाबाईंच्या मुलीवर जीव लावला होता. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. जी स्त्री बापजाद्यांचा धर्म प्रश्न विचारून सोडते, ती नव्या धर्माच्या उंबरठ्यावर आपले प्रश्न चपलांसारखे बाहेर काढून ठेवणार नाही.

रमाबाईंनी पुढे, १९०७ साली, आपली साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली. तीत त्यांनी एक आश्चर्याची गोष्ट नमूद केली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. धर्म बुद्धीला पटला होता, त्याची शिकवण मान्य होती. पण मनातली धास्ती, आपण पुरे पडत नाही ही टोचणी, तशीच होती. ती गेली तेव्हा कुठे त्यांना मोकळे वाटले. ज्या बाईने बिशपांना जुमानले नाही, तीही स्वतःला आठ वर्षे मुक्त म्हणवून घेत नाही! म्हणजे बाहेरच्या अधिकाराला नकार देणे हा या प्रवासाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा आतला आहे, आणि त्याला कुणाशी भांडून उपयोग नसतो.

आता त्यांच्या चरित्रातला कठीण भाग. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास नेले. धर्माच्या बाबतीत हे सदन तटस्थ राहील असे वचन होते. मुलींनी आपापले आचार पाळावेत, कुणी आडकाठी करू नये. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत ती दार उघडे ठेवून. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला, 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंचा युक्तिवाद सरळ होता: मला माझ्या घरात प्रार्थना करण्याचे स्वातंत्र्य आहे आणि मुलींना त्यात येण्याचे वा न येण्याचे. कायद्याने हे निर्दोष आहे. परंतु जिचे अन्न, वस्त्र, शिक्षण, सारे एका व्यक्तीवर अवलंबून आहे, अशा बालविधवेला त्या उघड्या दारातून आत न जाण्याचे स्वातंत्र्य कितपत होते? पुढे केडगावला हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि मरणाच्या दारातून शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्या मुली मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाल्या. भुकेल्या मुलीने भाकरी देणाऱ्या हाताचा धर्म स्वीकारला, तर ती निवड म्हणायची की कृतज्ञता? इथे मला रमाबाईंचे संपूर्ण समर्थन करता येत नाही. वाँटेजला ज्या बाईने स्वतःच्या विवेकासाठी एवढा झगडा दिला, तिने या मुलींच्या विवेकाला तेवढाच वेळ द्यायला हवा होता, असे वाटल्यावाचून राहत नाही. उलट बाजूने हेही खरे की टीका करणाऱ्या पुण्यातून त्या दुष्काळी मुलुखात मुली आणायला गाड्याच्या गाड्या भरून कोणी निघाले नव्हते.

आणि केडगावच्या त्या वसतीला त्यांनी नाव दिले 'मुक्ती'. हा शब्द त्यांनी सहज निवडला असेल असे मला वाटत नाही. शब्दांच्या बाबतीत त्या फार चोखंदळ होत्या. आपल्या परंपरेत मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. केडगावची मुक्ती मात्र सकाळी उठून विहिरीचे पाणी काढणारी, विणकाम करणारी, छापखान्यात खिळे जुळवणारी होती. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. लॅटिन अक्षरांवरून सुरू झालेल्या भांडणाचे उत्तर त्यांनी चाळीस वर्षांनी असे दिले. पौल म्हणतो तो दास झालेला स्वतंत्र माणूस पाहायचा असेल, तर तो या छापखान्यात दिसतो.

दुसऱ्याच्या विवेकाला वेळ देणे म्हणजे काय, हे पाहायला मात्र दुसऱ्या घरात डोकवावे लागेल. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही काळ ताटातूट झाली; नंतर त्या नवऱ्याकडे राहायला आल्या त्या आपले सोवळे घेऊन, वेगळी चूल मांडून. 'स्मृतिचित्रे'त हे सारे त्यांनी अशा विनोदी ढंगाने सांगितले आहे की त्यातले दुःख मागाहून लागते. टिळक तापट आणि लहरी. पण या एका बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. तिचे सोवळे तिच्याच विचाराने एकेक पायरी गळत गेले आणि १९०० साली तिने आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षे! त्या काळात नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा धर्म, असे म्हणायला दोन्हीकडचे लोक तयार होते.

रमाबाई काय, टिळक काय, ही माणसे निवड करून ख्रिस्ती झालेली. आमच्या गावांचे तसे नाही. १५३४ साली वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि पुढल्या काळात या किनाऱ्यावरची गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. त्यात मिशनऱ्यांची तळमळ किती, सवलतींचा मोह किती आणि राजसत्तेचा धाक किती, याची वाटणी आज कुणी करू नये. पण तिन्ही गोष्टी होत्या हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या पूर्वजांची पहिली निवड पूर्ण मोकळी नव्हती, हे कबूल केल्याने आमची श्रद्धा उणी होत नाही. कारण १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत धारावीचा किल्ला पडला, वसई पडली, पोर्तुगीज गेले. धाक दाखवणारा उरला नाही, सवलत देणारा उरला नाही. तरी ही गावे ख्रिस्तीच राहिली. माझ्या मते आमचा खरा बाप्तिस्मा त्या वर्षानंतरचा आहे. (पुढे १८८७ साली आम्ही स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, तेही इंग्रज कंपनीच्या नावाशी नाते सांगणारे. स्वातंत्र्याच्या चर्चेत ही गंमत विसरू नये.)

पण पूर्वजांनी पुन्हा केलेली ती निवड आम्हांला वारशाने पुरत नाही. आमच्याकडे मूल काही आठवड्यांचे असते तेव्हाच स्नानसंस्कार होतो. 'होय, मी विश्वास धरतो' हे उत्तर त्याच्या वतीने आईबाप आणि धर्मपिता-धर्ममाता देतात. यात मला गैर काही वाटत नाही. आई मुलाला भाषाही विचारून देत नाही. मात्र तेच उत्तर स्वतःच्या तोंडाने देण्याची एक वेळ चर्चने ठेवलेली आहे, ती दृढीकरणाची. आणि ती वेळ आम्ही कशी घालवतो? शाळेची शेवटची वर्षे आली की वर्गातल्या सगळ्यांची नावे जातात. नवे कपडे शिवले जातात, फोटोवाला सांगितला जातो, घरी जेवणावळ होते. प्रश्न विचारला जातो, पण 'नाही' किंवा 'अजून नाही' हे उत्तर संभवतच नाही. ज्या प्रश्नाला एकच उत्तर चालते, तो प्रश्न राहत नाही.

यावर काही शिक्षकांचे म्हणणे मी ऐकले आहे की आज्ञापालन हा ख्रिस्ती जीवनाचा पाया आहे, आणि तरुणांना असले विचार दिले तर चर्च रिकामी होतील. आज्ञापालन आणि स्वातंत्र्य यांचे वैर आहे असे मी मानत नाही. खाडीपलीकडच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो धर्मगुरू म्हणून बिशपांच्या आज्ञेत राहिले. तरीही हरित वसईच्या लढ्यात ते उभे ठाकले, 'सुवार्ता' मासिकातून वर्षानुवर्षे मोकळेपणाने लिहीत राहिले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका फादरने भूषवू नये म्हणून विरोध झाला, तेव्हाही ते डगमगले नाहीत. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्यांचे आज्ञापालन स्वतः निवडलेले होते, म्हणूनच ते त्यांना बोलण्यापासून अडवू शकले नाही. जे निवडलेले नसते ते आज्ञापालन पहिल्या वादळात सुटते. आमची कितीतरी मुले दृढीकरणानंतर देवळात फिरकत नाहीत, हे त्या शिक्षकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. चर्च रिकामी होण्याची भीती तिथेही आहेच की!

तेव्हा माझी सूचना अगदी लहान आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धार्मिक स्वातंत्र्याविषयीच्या घोषणापत्रात स्पष्ट केले की श्रद्धेची कृती स्वभावतःच मुक्त असते आणि तिच्यासाठी कुणावरही सक्ती करता येत नाही. भाईंदरपासून उत्तनपर्यंतच्या धर्मग्रामांत दृढीकरणाच्या तयारीच्या वर्गात हे वाक्य मुलांना शिकवून ठेवण्याऐवजी वापरून पाहावे. प्रत्येक मुलाला वा मुलीला फादरांनी एकदा एकटे बसवून विचारावे. जो 'अजून नाही' म्हणेल त्याचे नाव पुढच्या वर्षी, हवे तर त्याच्याही पुढच्या वर्षी, घ्यावे. घरच्यांनी ही गोष्ट आळीत अब्रू गेल्यासारखी मानू नये. फोटोवाला तोपर्यंत थांबेल. टिळक एका घरात राहून, वेगळ्या चुलीवरचे जेवण पाहत, थांबले होते. पहिल्या वर्षी थांबणारी मुले फार तर दोन किंवा तीन निघतील. त्यांच्याशी बोलायला जो धर्मगुरू वेळ काढील, त्याला गलतीकरांचे पत्र कदाचित प्रथमच इतक्या जवळून वाचावे लागेल.